चैतरामच्या धुऱ्यावरचा बायपास

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. मोठी माणसे लिहितात, मीही लिहिणार. शुद्ध मराठीत लिहिणार. माझे शिक्षण गोंदियाला मामाकडे झाले आहे, आणि इथे मध्य प्रदेशात, बालाघाटात, आता शुद्ध मराठी लिहिणारे उरलेत किती? आमची खुशी मराठीत बोलता बोलता हिंदीत शिरते आणि परत येतच नाही.

प्रथम परिचय. वाचणार कोणी नाही, तरी रेकॉर्ड असावा. भोजराज शेंडे, डेव्हलपमेंट कन्सल्टंट. लोक प्लॉटचा दलाल म्हणतात. लोकांचे इंग्रजी कच्चे.

आमच्या रोडवर पूर्वी काय होते? धानाच्या बांध्या, पाण्याने भरलेली एक बोडी, आणि रात्रभर बेडूक. आज इंग्लिश मीडियम शाळा आहे, ग्रीन सिटी कॉलनी आहे, मॅरेज लॉन आहे, नर्सिंग होम आहे. प्रत्येक जागेच्या सौद्यात मी मध्ये उभा होतो. हा रोड म्हणजे माझे अपत्यच.

दुसरे अपत्य खुशी. किरनापूरच्या एका दवाखान्यात नर्स. उन्हाळ्यात लागली. स्कूटीने जाते. आज दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि आमच्या फाटकासमोर स्कूलबस आडवी उभी राहिली. तिच्यामागे ऑटो, ऑटोमागे कार, कारमागे आणखी कार. खुशी हेल्मेट घालून अंगणातच अडकली. म्हणाली, "बाबा, रीना दीदी नाइट करून बसली असन. मी गेल्याशिवाय तिले घरी जाता येत नाई. तिचा पोट्टा दीड वर्षाचा आहे."

मी म्हणालो, पाच मिनिटांत सुटेल.

सुटले नाही. तरी काळजी नाही. ज्याने रोडला ट्रॅफिक आणला, त्याला तो सरळ करता येत नाही काय? संकल्प: या महिन्यात ट्रॅफिक सॉल्व्ह.

४ नोव्हेंबर. सकाळ.

फाटकाजवळ खुर्ची टाकून स्टडी केला. साहेब लोक याला सर्व्हे म्हणतात.

निष्कर्ष असा की एका कारमध्ये एकच पोरगा असतो आणि एका ऑटोत पोरांचा ढीग. ऑटो जागा कमी खातो. म्हणजे ऑटो चांगला. पण कारवाले माझे प्लॉटधारक आहेत, त्यामुळे हा निष्कर्ष सध्या स्थगित.

दुसरे. सगळे पालक पोरांना उतरवायला आमच्याच फाटकासमोर थांबतात, कारण रुंद जागा इथेच आहे. याला म्हणतात प्राइम लोकेशन. जाहिरातीत टाकायला पाहिजे.

खुशी आजही उशिरा निघाली. निष्कर्षाच्या वेळी ती मध्येच हॉर्न वाजवत होती.

६ नोव्हेंबर. सकाळ, नंतर दुपार.

शिटी आणली. लाल टोपी घातली. रोडच्या मधोमध उभा राहिलो. सुरुवातीला लोक ऐकत होते. मग मी फाटकाकडून येणाऱ्यांना थांबवले आणि कॉलनीकडून येणाऱ्यांना सोडले. मग वाटले अन्याय होतो आहे, म्हणून दोघांनाही सोडले.

स्कूलबसच्या ड्रायव्हरने खाली उतरून विचारले, "दादा, तुमी हाव कोन?" मी म्हणालो, डेव्हलपमेंट कन्सल्टंट. तो म्हणाला, "मंग बाजूले व्हा ना जी, डेव्हलपमेंट होऊ द्या."

शेवटी चौकातले हवालदार पुनारामजी आले. सभ्य माणूस. माझ्या खांद्यावर हात ठेवून मला उसाच्या रसाच्या ठेल्यापर्यंत नेले आणि तिथेच उभे राहा म्हणाले. मी उभा राहिलो. ट्रॅफिक सुटला. उसाच्या ठेल्यापासून मार्गदर्शन जास्त प्रभावी होते असे दिसते.

खुशीला आज सर्वांत जास्त उशीर झाला. तिने शिटी कुठेतरी लपवली आहे.

१० नोव्हेंबर.

शाळेच्या प्राचार्य मॅडमना भेटलो. त्यांना समजावले की सगळी पोरे एकाच वेळी आली तर जाम होणारच. लहान वर्ग अर्धा तास उशिरा भरवा. मॅडम समजूतदार. म्हणाल्या, करून पाहू. अशा वेळी वाटते की मी सरकारात असायला हवा होतो.

अनुसयेला, म्हणजे आमच्या मंडळीला, आनंदाने सांगितले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हौ. पाहू."

या बाईच्या "पाहू"मध्ये कधीच काही दिसत नाही.

१७ नोव्हेंबर.

नवी वेळ लागू. एक तांत्रिक अडचण आली. ज्यांची दोन पोरे आहेत, एक मोठ्या वर्गात आणि एक लहान, ते पहिल्याला सोडून घरी जात नाहीत. दुसऱ्याची वेळ होईपर्यंत गाडी तिथेच लावून पोहे खातात. पोह्यांचे दोन नवे ठेले लागले. पोहे चांगले आहेत. वर तर्री.

खुशी म्हणाली, "पहले सिर्फ जाम था, बाबा. अब इंटरव्हल भी है, और उसके बाद पार्ट टू."

मी तिला सांगितले की रोजगारनिर्मिती झाली. ती न हसता गेली. पूर्वी ही पोरगी माझ्या प्रत्येक गोष्टीवर हसायची.

२५ नोव्हेंबर. रात्र.

लगीनसराई. लॉनवर मोठे लग्न. वरात आमच्या घरासमोर ऑटोत, कारमध्ये आणि स्वतःमध्ये अडकली. नवरदेव घोडीवर, घोडी नर्सिंग होमच्या दारात, बँडवाले आमच्या अंगणात. खुशी ड्युटीवरून परत येत होती, ती पलीकडे. स्कूटी लॉनच्या भिंतीला टेकवून वरातीतून नाचणाऱ्यांचे धक्के खात पायी घरी आली. पांढऱ्या ड्रेसवर कुणीतरी गुलाल टाकला होता.

लॉनचे मालक धर्मेंद्रजी मला पाहून धावत आले. हार घातला. "इन्हीं की कृपा से ये जगह मिली," असे पाहुण्यांना सांगितले. जेवलो. जेवण उत्तम.

घरी आल्यावर अनुसया म्हणाली, "त्या लॉनच्या जागी रोड होता ना जी, कॉलनीच्या नकाशात? किरनापूर रोडले निंगाचा?"

होता. चाळीस फुटी. कागदावर. पण तिथे नुसता रोड करून काय मिळाले असते? माणसे तिकडून निघून गेली असती. लॉनमुळे माणसे येतात. डेव्हलपमेंट म्हणजे येणे. हे मी तिला नीट समजावले.

ती म्हणाली, "तुमी रोड विकला. आता रोड कुठून आनता?"

भाषा कशी पाहा. मी रोड विकला नाही. मी भूखंडाचा उपयोग बदलला.

२ डिसेंबर.

धान खरेदी सुरू. राइस मिलकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आमच्या रोडवर. बसच्या पुढे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरच्या पुढे ट्रॅक्टर. एक ट्रॉली घरासमोर इतका वेळ उभी होती की अनुसयेने ड्रायव्हरला चहा दिला. तो कोणत्या गावचा, त्याची बायको कुठली, सगळे तिला आता माहीत आहे. परसवाड्याकडचा आहे.

कॉलनीवाल्यांनी अर्ज केला होता म्हणून एक प्लॅनिंगचे साहेब पाहणीला आले. तरुण पोरगा, नाव रवी. मी त्याच्या बरोबर फिरलो. तो म्हणाला की प्रत्येक घरातून रोज काही फेऱ्या निघतात, शाळेत काही येतात, लॉनमध्ये काही. त्या सगळ्या एकाच अर्ध्या तासात एकाच तोंडातून बाहेर पडल्या की रोड कितीही चांगला असो, तो भरणारच. रुंद केला तरी काही दिवसांनी पुन्हा भरतो, कारण मोकळा रोड पाहून आणखी लोक येतात. म्हणून आधी रस्ते ठरवावे, मग प्लॉट पाडावे.

मी म्हणालो, अगदी बरोबर, मी नेहमी हेच सांगतो.

मग त्याने विचारले, इथे दुसरा निघायचा रस्ता मंजूर होता ना, तो कुठे आहे?

तेवढ्यात चहा आला. चहा फार छान झाला होता. विषय बदलला.

५ डिसेंबर. लिहावेसे वाटत नाही. तरी लिहितो.

सकाळी रीनाच्या पोराला ताप होता. घरी म्हातारी सासू एकटी. रीना फोन करत होती, खुशी कधी येते, खुशी कधी येते. खुशी ट्रॅक्टरच्या मागे. पोहोचली तोवर पोराचा ताप डोक्यात गेला होता आणि शेजाऱ्यांनी त्याला त्याच दवाखान्यात आणले होते. आता बरा आहे. रीनाने खुशीला न रागावता ड्युटी सोपवली. तेच वाईट झाले.

संध्याकाळी खुशी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी दारात उभा राहिलो. मी म्हणालो, "मी काहीतरी करतो."

ती म्हणाली, "नका करू, बाबा. प्लीज."

पोरगी थकली आहे. म्हणून असे बोलली. मी करणारच.

७ डिसेंबर, रविवार.

चैतरामबद्दल लिहायचे नव्हते. पण आज लिहिणे भाग आहे.

चैतराम माझा धाकटा भाऊ. आमच्या घरामागे त्याची जमीन. वाटणीत मला रोडकडची बाजू आली, त्याला मागची. मी माझ्या बाजूचे डेव्हलपमेंट केले. तो अजून धान लावतो. त्याच्या जमिनीचे दुसरे टोक थेट किरनापूर रोडला लागते. अशी सोन्यासारखी जागा, आणि तिथे हा हरभरा पेरतो. मी चांगले गिऱ्हाईक आणले होते, त्याने गिऱ्हाईकाला चहा पाजून परत पाठवले. तेव्हापासून बोलणे बंद.

आज सकाळी अनुसया मला न विचारता मागच्या दाराने त्याच्याकडे गेली. परत आली आणि म्हणाली, "भाऊजी हौ म्हनले. खुशीले धुऱ्यावरून जाऊ दे म्हनले."

धुरा म्हणजे दोन बांध्यांमधली, म्हणजे खाचरांमधली, मातीची पाळ. स्कूटी जाईल एवढी. विहिरीजवळून वळून किरनापूर रोडवर निघते. जाम नाही, काही नाही.

मला कसे सुचले नाही? सुचले होते. पण मी बायपास म्हणून विचार करत होतो, धुरा म्हणून नाही.

९ डिसेंबर. संध्याकाळ.

खुशी वेळेच्या आधी पोहोचली! रीनाने दारातच तिला, "अरे, आज सूरज किधर से निकला?" असे म्हटले म्हणे. संध्याकाळी खुशी घरी आली ती गुणगुणत. बऱ्याच दिवसांनी माझ्या ताटात तिने पापड ठेवला.

तिने सांगितले की चैतरामने पहाटे फावड्याने धुऱ्यावरची ढेकळे फोडून वाट सारखी केली. बाभळीची एक फांदी आडवी येत होती, ती छाटली. ती निघाली तेव्हा काठी घेऊन विहिरीपाशी उभा होता आणि म्हणाला, "हळू जाय, माय. अठी निसरडं आहे."

मी हे ऐकून मागच्या दारात गेलो. बराच वेळ धुऱ्याकडे पाहत होतो. काय पोटेन्शियल आहे! एक स्कूटी जाते, तर शंभर का जाणार नाहीत?

१२ डिसेंबर.

नाव ठरले: शेंडे बायपास. चैतरामही शेंडेच आहे, त्याला आनंदच होईल.

फक्त दोन जणांना सांगितले, तेही विश्वासात घेऊन. एक नर्सिंग होमचे मॅनेजर. दुसरे कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन. दोघेही जबाबदार.

१५ डिसेंबर. सकाळ.

स्कूट्या, मोटारसायकली, एक दूधवाला. मागच्या दारातून पाहिले. धुऱ्यावर ओळ लागली होती, मुंग्यांसारखी, शिस्तीत. रोडवरचा जाम तेवढाच आहे, हे खरे. पण आता पलीकडेही थोडा आहे, म्हणजे वाटणी झाली. समतोल विकास.

चैतरामचा फोन आला. कित्येक दिवसांत पहिला. भाऊ शेवटी भाऊ. विचारले, "दादा, हे कोन लोक येऊन राह्यले धुऱ्यावरून?"

मी म्हणालो, आपलेच आहेत. शुभचिंतक.

तो म्हणाला, "माती बसून राह्यली, दादा. उद्या पानी सोडाचं आहे हरभऱ्याले."

मी म्हणालो, सोड ना, आपलीच शेती आहे. फोन ठेवला त्याने.

खुशी म्हणाली, "तुमीच सांगतलं ना?" मी म्हणालो, चांगली गोष्ट लपून राहत नाही. ती म्हणाली, "काकाले मी काय तोंड दाखवू?" या पोरीला मार्केटिंग समजत नाही.

१८ डिसेंबर.

बोर्ड लावला. पांढऱ्यावर निळे: "शेंडे बायपास. किरनापूर रोडसाठी शॉर्टकट. हळू चालवा." हळू चालवा हे माझ्याकडून. सामाजिक जबाबदारी.

बोर्ड पाहून गोंदियाहून आलेले एक कुटुंब लगेच थांबले. त्यांना कॉलनीतला कोपऱ्याचा प्लॉट दाखवला. "दोन्ही बाजूंनी कनेक्टिव्हिटी," असे म्हणालो. बाई धुऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही दुसरी बाजू आहे का?" मी म्हणालो, ही सध्याची अवस्था आहे.

दुपारी चैतरामच्या बांधीत गेलो. तो पाण्याची नाली फिरवत होता. मी त्याला सगळा प्लॅन सांगितला. धुरा रुंद करायचा, मुरूम टाकायचा, त्याच्या विहिरीपाशी चहाचा ठेला. तो नालीच्या तोंडाशी माती लावत राहिला. मी विचारले, कसे वाटते? म्हणाला, "तुमचे पाय वल्ले होऊन राह्यले, दादा."

खरेच झाले होते.

हो म्हणाला नाही. पण नाहीही म्हणाला नाही. म्हणजे तत्त्वतः मान्य.

२२ डिसेंबर, सोमवार. दुपार.

पायांचा चिखल अजून धुतला नाही, आधी लिहितो.

सकाळी रोडवर ट्रॅक्टर, बस आणि एक बंद पडलेली कार असे तिन्ही एकदम. ग्रुपवर कुणीतरी लिहिले, बायपासने चला. स्कूट्या तर गेल्याच, मागून कारही शिरली. कारला पाहून दुसरी कार. आणि समोरून, किरनापूर रोडकडून, कुठल्याशा शाळेची पोरांनी भरलेली व्हॅन. तिलाही शॉर्टकटच पाहिजे होता.

खुशी मध्ये होती. पुढे व्हॅन, मागे कार, दोन्ही बाजूंना नुकतेच पाणी सोडलेली बांधी.

कुणीच मागे घेईना. मागे घ्यायला जागाच नव्हती. व्हॅनवाल्याने थोडे कडेला घेतले आणि धुरा खचला. आधी हळूच, मग सगळा. व्हॅन एका अंगावर झुकली आणि हरभऱ्यात टेकली. पोरांचा जो आवाज आला तो अजून कानात आहे.

मी धावलो. मी पोहोचायच्या आधी खुशीने स्कूटी चिखलात फेकून दिली होती आणि ती व्हॅनच्या वरच्या दारातून एकेका पोराला काढत होती. खालून चैतराम घेत होता. कमरेपर्यंत ओला. ती म्हणत होती, "काका, हा घ्या, याचा हात जपून," आणि तो म्हणत होता, "आन, माय, आन." एका पोरीची फक्त चप्पल हरवली आणि ती त्यासाठी रडत होती. कुणाला लागले नाही. देवाची कृपा. कुणाला लागले नाही हे मी पुन्हा लिहितो.

मी रुमालाने पोरांचे तोंड पुसत होतो. एका बाईने विचारले, हा बायपास कुणाचा? मी म्हणालो, चौकशी करावी लागेल.

सगळे गेल्यावर बांधीत व्हॅनच्या चाकांचे खड्डे उरले, त्यात हरभरा पडलेला, आणि वरून पाणी वाहत होते. मला वाटले चैतराम ओरडेल. मी उत्तरही तयार ठेवले होते. तो ओरडला नाही. चिखलातले हात झाडत म्हणाला, "दादा, मी धुरा पोरीसाठी देल्ला होता. गावासाठी नाई."

मी त्या पोरीची चप्पल शोधायला लागलो.

रीनाला आज दुपारपर्यंत थांबावे लागले. खुशी चिखलाच्या ड्रेसवरच गेली. स्कूटी सुरू होत नव्हती, म्हणून ऑटोने.

२४ डिसेंबर.

चैतरामने धुरा दोन ठिकाणी कापला आणि बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. बोर्ड काढून अंगणात आणून ठेवला. नीट, भिंतीला टेकवून. फेकला नाही.

ग्रुपवर लोक विचारत आहेत, बायपास कधी सुरू होणार. मी लिहिले: "मेंटेनन्सचे काम चालू आहे." कोणीतरी अंगठा दाखवला.

अनुसया बोलत नाही. भाजीत मीठ आहे, म्हणजे फार रागात नाही. किंवा सवयीने टाकले असेल.

नवी आयडिया: रोडवरून वर एक पूल. छोटा. फ्लायओव्हर म्हणत नाही, लोक हसतील. पण विचार सुरू ठेवायला काय जाते?

२६ डिसेंबर.

खुशीने जेवताना सांगितले. किरनापूरला रीनाच्या घरी वरची खोली रिकामी आहे. ती तिथे राहायला जाणार. ड्युटीला पायी जाता येते. रीनाच्या पोराकडेही पाहणे होईल.

मी म्हणालो, घाई कशाला? जानेवारीत माझा नवा प्लॅन येतो आहे. तिला पुलाबद्दल सांगितले. खांब कुठे येतील तेही सांगितले. तिने मध्ये एकदाही टोकले नाही. शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, "बाबा, गादी कोणती नेऊ? ती जुनी चालन ना?"

मी म्हणालो, नवी ने.

२८ डिसेंबर, रविवार.

सकाळी टेम्पो आला. गादी, पेटी, गॅसची शेगडी, अनुसयेने दिलेले लोणचे, चैतरामने पाठवलेले तांदळाचे पोते. चैतराम स्वतः आला आणि सामान चढवू लागला. मी एका बाजूने गादी धरली, त्याने दुसऱ्या. गादी वर जाईपर्यंत दोघे एका लयीत होतो. मग त्याने हात सोडला.

खुशीने पाया पडताना माझ्या शर्टाचे बटण लावले. वरचे उघडे होते. म्हणाली, "सुट्टीत येतो ना, बाबा. असं काय करता?" मी काहीच करत नव्हतो.

मला वाटले होते निघायला वेळ लागेल. फाटकासमोर बस असेल, ऑटो असतील, थोडे बोलता येईल. पण रविवार. शाळा बंद, खरेदी केंद्र बंद, लॉनवर कुणी नाही. रोड असा मोकळा की कुत्रे मधोमध झोपले होते. मी नेहमी सांगतो, रोड उत्तमच आहे.

टेम्पो निघाला आणि वळणावर गेलासुद्धा. हात वर करेपर्यंत.

२९ डिसेंबर, सोमवार. सकाळ.

पीक अवर. परिस्थिती जशीच्या तशी. मात्र आपल्या घरातून निघणारी एक गाडी कमी झाली. सगळ्या घरांनी असे केले तर प्रश्न सुटेल, असे रवी साहेबांना लिहून कळवावे म्हणतो.

सात वाजून गेल्यावर खुशीचा फोन आला. अनुसयेने स्पीकर लावला. बाहेर बस, ट्रॅक्टर आणि नर्सिंग होमची अॅम्ब्युलन्स, सगळे एकदम हॉर्न वाजवत होते. काही ऐकू येईना. दार लावले, तरी येईना. अनुसया फोन कानाला लावून मागच्या अंगणात गेली.

परत आली तेव्हा मी विचारले, काय म्हणाली?

"पोहोचली म्हने. चालतच गेली, टाइमच्या आधी. रीनाचा पोट्टा बरा आहे."

"आणखी?"

"इचारत होती, बाबा काहून बोलून नाई राह्यले."

मले वाटलं मी बोललो होतो. चांगला मोठ्यानं बोललो होतो. त्या हॉर्नात तिले ऐकू गेलं नसन.